०३७८ मधलं शून्य

गणिताची टिपणं स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचं तू ठरवलंस, हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं. सिल्वासात शिकवणाऱ्याला याची निकड पुण्या-मुंबईच्या शिक्षकापेक्षा जास्त आहे. तुझ्या एकाच वर्गात एक मूल घरी वारली बोलतं, दुसरं गुजराती बोलतं, आणि तिसऱ्याचे आईवडील महाराष्ट्रातून मसाट-पिपरियाच्या कारखान्यांत कामाला आलेले असतात. अशा मुलांना मराठीतून समजावलेलं गणित त्यांच्या हातातल्या फोनवर मिळायला हवं. आणि ते बिनचूक दिसायला हवं. निबंधात एखादी वेलांटी चुकली तर वाचणारा सावरून घेतो. गणितात घातांक खाली घसरला की दोनाचा वर्ग बावीस दिसायला लागतो, आणि शिकणारं मूल तो बावीसच वाचतं.

म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. नोकरीभर फळ्यावर मांडलं, आणि निवृत्त झाल्यावर तीच मांडणी पडद्यावर कशी उतरवायची यात मन घातलं. त्यातून जे हाती आलं ते तुझ्या ओटीत घालतो आहे.

आधी द. रा. कापरेकरांची आठवण ठेव. वापीहून मुंबईच्या गाडीत बसलीस की भिलाड, संजाण, उंबरगाव, घोलवड मागे पडतं आणि डहाणू येतं. १७ जानेवारी १९०५ ला ते तिथे जन्मले. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, आणि १९३० ते १९६२ देवळालीला मास्तरकी. विद्यापीठाची नोकरी नव्हती, गणितातली मोठी पदवी नव्हती. संख्यांचा ध्यास मात्र असा, की जे सापडलं ते त्यांनी लहान लहान पुस्तिका काढून स्वतःच लोकांपर्यंत पोचवलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. तू जे पान काढणार आहेस ते या पुस्तिकांच्या घराण्यातलं आहे. शाळेतल्या शिक्षकानं कोणाची परवानगी न मागता, कोणी छापील म्हणून न थांबता, आपलं गणित मांडायचं ही रीत आपल्याकडे डहाणूच्या माणसानं घालून दिली आहे.

मांडणी म्हणजे नटवणं नव्हे, हे कापरेकरांच्याच गणितावरून दाखवतो. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण सांगितला. चार अंकी कोणतीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिही, मग चढत्या क्रमानं लिही, मोठीतून लहान वजा कर. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा कर. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. ३५२४ घेऊ.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

दुसऱ्या ओळीतलं ०३७८ बघ. एक्सेलमध्ये हा तक्ता करून पानावर चिकटवलास तर एक्सेल पुढचं शून्य गिळतं आणि ३७८ उरतं. या उदाहरणात निभावतं, कारण वजाबाकीचं उत्तर बदलत नाही. आता २१११ घे. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. इथे शून्य गळलं की मूल ९९९ मधून ९९९ वजा करतं, शून्य येतं आणि खेळ संपतो. शून्य शाबूत असेल तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि पुढची पायरी ६१७४. पडद्यावर एक अंक दिसला नाही म्हणून कापरेकरांचं प्रमेय खोटं ठरलं! म्हणून पानावर टाकलेली प्रत्येक संख्या मूळ वहीशी ताडून बघ, आणि जिथे अंक एकाखाली एक यायचे तिथे असा फाँट घे की ज्यात सगळ्या अंकांची रुंदी सारखी असते. नाहीतर १ अरुंद आणि ८ रुंद, शतकाखाली दशक सरकतं, आणि हातच्याचं गणित शिकवताना तेवढं पुरे होतं घोळ व्हायला.

आता कामाच्या गोष्टी. वहीच्या पानाचे फोटो टाकायचा मोह होईल. सगळे तेच करतात, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. तू करू नकोस. फळ्याचा एक फोटो दोन-चार एमबीचा असतो, तेवढंच गणित अक्षरांत लिहिलं तर काही केबीत मावतं. खानवेलच्या पुढे डोंगरात जिथे नेटवर्क येतं-जातं तिथे हा फरक म्हणजे पान उघडणं आणि न उघडणं. फोटोतलं काही शोधता येत नाही, त्यातलं गणित उचलून वहीत चिकटवता येत नाही, मोठं केलं तर धूसर होतं. दृष्टी नसलेल्या मुलाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यात दुरुस्ती करता येत नाही. एक चिन्ह चुकलं तर सगळं पान पुन्हा लिहून पुन्हा फोटो काढायचा, याचा कंटाळा येतो आणि चूक तशीच राहते.

मूळ मजकूर साध्या अक्षरांत लिही, लाटेकच्या पद्धतीनं. याचं मूळ डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकमध्ये आहे. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. नव्या यंत्रावर जुळवलेली मुद्रितं हाती आली ती त्यांना इतकी कुरूप वाटली की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचीच प्रणाली लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर लाटेक उभं केलं. त्यात अपूर्णांक लिहायचा तर उलटी तिरकी रेघ, ‘फ्रॅक’ हा शब्द, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. दिसायला किचकट, पण आठवड्याभरात बोटांना सवय होते. फायदा असा की ही फाईल नोटपॅडमध्येही उघडते. चाळीस वर्षांपूर्वीच्या टेकच्या फाइली आज चालतात. त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्या सॉफ्टवेअरची फाईल आज उघडून दाखव बघू!

ही फाईल हाती असली की तिच्यातून काय बनवायचं ते नंतर ठरवता येतं. पँडॉक नावाचं मोफत साधन आहे, बर्कलीच्या विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लन यांनी २००६ मध्ये लिहायला घेतलेलं. एकाच मूळ फायलीतून ते वाचायचं वेबपान काढून देतं आणि छापायचं पीडीएफही. मुलांनी फोनवर वेबपान वाचायचं, आणि ज्याला छापून हवं त्यानं पीडीएफ उतरवायचं. नुसतं पीडीएफ टाकून मोकळी होऊ नकोस. ए-फोर आकाराचं पान पाच-सहा इंचांच्या पडद्यावर वाचायचं म्हणजे प्रत्येक ओळीला बोटानं डावीकडून उजवीकडे ढकलायचं. शिवाय मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की जोडाक्षरं आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटून बाहेर पडतात, शोध लागत नाही. पीडीएफच्या दुव्याशेजारी त्याचा आकार केबीत लिही, म्हणजे ज्याच्याकडे डेटा कमी आहे त्याला उतरवायचं की नाही ते ठरवता येतं. आणि फायलीचं नाव रोमन अक्षरांत, छोटं ठेव. देवनागरी नाव दिलंस तर व्हॉट्सॲपवर दुवा पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची हातभर शेपूट होते आणि मध्येच तुटते.

मराठी पीडीएफसाठी जुनं पीडीएफलाटेक उपयोगाचं नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक वापर, युनिकोड फाँट त्यांना थेट समजतात.

वेबपानावर समीकरण दाखवायचे तीन रस्ते आहेत. मॅथजॅक्स जुना आणि भरवशाचा. २००९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि तिच्या भागीदारांनी तो सुरू केला. पानात लाटेक लिहायचं, मॅथजॅक्स ते वाचणाऱ्याच्या फोनवर मांडून देतो. काम चोख, पण स्वस्त फोनवर मोठं पान असेल तर समीकरणं उमटायला वेळ लागतो. खान अकॅडमीनं २०१४ मध्ये केटेक आणलं, ते हलकं आणि वेगवान आहे. त्याची आणखी एक खुबी म्हणजे समीकरणं तू आपल्याच संगणकावर आधी मांडून घेऊ शकतेस. मग मुलाच्या फोनला फक्त तयार पान आणि फाँट उतरवावे लागतात. तिसरा रस्ता मॅथएमएल, म्हणजे ब्राउझरला स्वतःलाच गणित समजणं. हे मानक १९९८ पासून आहे. फायरफॉक्सनं ते फार आधी स्वीकारलं, क्रोमनं मात्र कितीतरी वर्षं दूर ठेवलं. शेवटी इगालिया या स्पेनमधल्या कंपनीच्या कामामुळे जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीत ते आलं. आपल्या मुलांपैकी बहुतेकांच्या हातात क्रोमच असतो, म्हणून ही तारीख आपल्या कामाची.

तुझ्यासाठी माझा सल्ला: आत्ता केटेक घे, आधी मांडून घेण्याच्या पद्धतीनं. शालेय गणिताला ते पुरून उरतं. ते आपल्या मांडणीच्या आत मॅथएमएलही ठेवतं, त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला समीकरणाची रचना कळते. पुढे जुने फोन मागे पडले की सरळ मॅथएमएलवर जा. तेव्हा पानासोबत गणिताचा फाँट द्यायला विसरू नकोस. तो नसला तर फोनवर मोठे कंस आणि वर्गमुळाचं चिन्ह आतल्या राशीच्या उंचीइतकं ताणलं जात नाही. मूळ फाईल लाटेकमध्ये असल्यामुळे ही अदलाबदल तुला जड जाणार नाही.

जे साधन घेशील त्याची प्रत तुझ्याच जागेवर ठेव. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ते ओढून घ्यायची सोय सगळीकडे सांगितलेली असते, सोपीही असते. मॅथजॅक्सचा स्वतःचा असा सर्व्हर होता, हजारो शिक्षक-प्राध्यापकांची पानं त्याच्यावर विसंबून होती. ३० एप्रिल २०१७ ला तो बंद झाला, आणि आपापल्या पानांतला पत्ता बदला असं जगभरच्या लोकांना सांगावं लागलं. ज्यांनी प्रत जवळ ठेवली होती त्यांना हाताची घडीसुद्धा सोडावी लागली नाही. हाच विचार साऱ्या संकेतस्थळाला लाव. याहूच्या जिओसिटीजवर लोकांनी वर्षानुवर्षं घरं बांधली होती, २००९ च्या ऑक्टोबरात ती सगळी पाडली गेली. फुकट जागा जरूर वापर, पण पत्ता स्वतःच्या नावावर विकत घे. वर्षाला थोडे पैसे जातात, पण जागा बदलली तरी मुलांकडचा दुवा बदलत नाही. आणि पानं साधी ठेव, मागे डेटाबेस नको. साध्या फायलींचं संकेतस्थळ पेनड्राइव्हवर उतरवून शाळेच्या संगणकावर इंटरनेटशिवायही उघडतं.

आता मराठीचं. हे सांगायला परदेशी मार्गदर्शक उपयोगी पडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका तुला श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत मिळतील. त्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत संगणकाला भलतंच रोमन अक्षर ठाऊक असतं. पानावर चिकटवलं की मुलाच्या फोनवर कचरा. आधी युनिकोडमध्ये रूपांतर कर, आणि मग ओळन्ओळ वाच. रफार, रकार, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲ’ या जागी रूपांतर हमखास घसरतं. गणिताची चिन्हं तर बहुतेक वेळा उडूनच जातात. ती नव्यानं घालावी लागतात असं धरूनच चाल.

समीकरणात मराठी शब्द आला, जसं ‘वेग = अंतर ÷ वेळ’, तर तो लाटेकच्या ‘टेक्स्ट’ आदेशात गुंडाळ. गणिताच्या मांडणीत प्रत्येक अक्षर वेगळं चल मानलं जातं, त्यामुळे ‘वेग’मधला व एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे पडते. टेक्स्टमध्ये टाकलं की शब्द अखंड राहतो.

मराठीत गुणोत्तराची चूक फार होते. विसर्ग आणि अपूर्णविराम सारखे दिसतात, कळफलकावर जो आधी सापडेल तो लोक दाबतात. ‘३ : ४’ ऐवजी अंकाला विसर्ग चिकटतो. कित्येक फोनांवर अंकापुढे एकटा विसर्ग आला की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, कारण विसर्गाला आधाराला अक्षर लागतं. मूल विचारतं, सर, हे वर्तुळ कसलं? तसंच ‘वजा’साठी संयोगचिन्ह नको, वजाबाकीचं खरं चिन्ह घे, संयोगचिन्ह आखूड असतं आणि ओळीच्या शेवटी तिथेच ओळ तुटते. गुणाकाराला रोमन एक्स नको, × घे. अंशाच्या चिन्हाऐवजी घातांकात शून्य नको. केवलमूल्याच्या उभ्या रेघेऐवजी हिंदीतला दंड नको. दिसायला सगळं सारखंच, पण शोधणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते वेगळं असतं.

लाखाचा स्वल्पविरामही सांभाळ. गणिताच्या मांडणीत स्वल्पविरामानंतर आपोआप थोडी जागा सुटते, कारण टेकला तो यादीतला स्वल्पविराम वाटतो. मग ५,००,००० ही एक संख्या न दिसता पाच, शून्य, शून्य अशी यादी दिसते. त्यातला प्रत्येक स्वल्पविराम महिरपी कंसात ठेवला की जागा सुटत नाही. लाख-कोटींची आपली रीत सोडून तीन-तीनचे गट पाडू नकोस. मुलांच्या घरी वीजबिल याच रीतीनं येतं.

अंक कोणते वापरायचे? सिल्वासाच्या मुलांना देवनागरी, गुजराती आणि आंतरराष्ट्रीय असे तिन्ही अंक रोज दिसतात. देवनागरी १ हा गुजराती घरातून आलेल्या मुलाला परका नाही, पण आंतरराष्ट्रीय 9 शेजारी आला की दोन्हींची गल्लत होते. माझं मत स्पष्ट आहे. मराठी वाक्यात देवनागरी अंक लिही, समीकरणात आंतरराष्ट्रीय लिही, आणि एकाच समीकरणात दोन्ही कधी मिसळू नकोस. कॅल्क्युलेटर आणि पुढच्या परीक्षा आंतरराष्ट्रीय अंकांत आहेत. माझे काही सोबती देवनागरीचाच आग्रह धरतात, त्यांच्या भावनेचा मी मान राखतो. पण दहावीच्या उंबऱ्यावरच्या मुलाला दोनदा शिकायला लावणं मला पटत नाही.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं एका खुणेनं सांगून ठेव. एचटीएमएलमध्ये त्याची सोय आहे. ती खूण असली की वाचून दाखवणारा आवाज मराठी निवडला जातो, आणि ज्या फाँटांत सोय आहे त्यांत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. फाँट म्हणशील तर मुक्ता घे, मुंबईच्या एक टाइपनं केलेला आहे, मोफत आहे आणि लहान आकारात स्वच्छ वाचता येतो. नोटो देवनागरीही चांगला.

ओळींमध्ये मोकळी जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोड, अक्षराच्या दीडपटीहून थोडी अधिक. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा असतात, खाली उकार असतात, आणि मध्येच उभा अपूर्णांक आला की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा अंश एकमेकांना भिडतात. म्हणून वाक्याच्या ओघात आलेला अपूर्णांक तिरक्या रेघेनं लिही. उभा अपूर्णांक, वर्गमूळ, बेरजेचं मोठं चिन्ह हे सगळं स्वतंत्र ओळीवर आण. लांब समीकरण बरोबरच्या चिन्हापाशी तोड आणि सगळी बरोबरची चिन्हं एकाखाली एक ठेव, जशी आपण फळ्यावर ठेवतो. तरीही एखादं समीकरण पडद्याबाहेर गेलंच, तर फक्त तेवढं समीकरण आडवं सरकेल अशी व्यवस्था कर. सगळं पान डुलायला लागलं की वाचणारा वाट चुकतो.

आपल्या पद्धतीचा भागाकार, म्हणजे डावीकडे भाजक, उजवीकडे भागाकार आणि खाली उतरत जाणाऱ्या वजाबाक्या, या साधनांत तयार मिळत नाही. तो तक्त्यासारखा मांडावा लागतो किंवा चित्र काढावं लागतं. वेळ लागला तरी आपल्याच पद्धतीनं मांड. शाळेत एक रीत आणि पानावर दुसरी, यानं पाचवी-सहावीचं मूल गोंधळतं.

आकृत्या जिओजेब्रात काढ आणि एसव्हीजी म्हणून साठव. रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही, आणि फाईल छोटी राहते. रेघांना काळा रंग ठोकून देऊ नकोस. पानाच्या अक्षरांचा जो रंग तोच रेघांना मिळेल असं ठेव. हल्ली मुलं फोन रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर ठेवतात, तिथे काळ्या रेघांचा त्रिकोण नाहीसा होतो. प्रत्येक आकृतीला शब्दांत वर्णन दे: त्रिकोण अबक, कोन ब काटकोन, बाजू अब तीन सेंमी. हे लिहिताना आकृतीत काय द्यायचं राहून गेलं तेही तुझ्या लक्षात येईल.

तसंच महत्त्वाच्या सूत्राखाली ते सूत्र कसं वाचायचं हे एका ओळीत मराठीत लिही. ‘अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’. घरी गणित वाचून दाखवणारं कोणी नसतं अशा मुलांना याचा फार आधार होतो.

उत्तरं झाकून ठेव. एचटीएमएलमध्ये घडी घालायची साधी सोय आहे, ‘उत्तर पाहा’वर बोट ठेवलं की उलगडतं, त्याला कोणतीही स्क्रिप्ट लागत नाही. नुसतं उत्तर देऊ नकोस, पायऱ्या दे. पाठ्यपुस्तकाची पानं उचलून टाकू नकोस. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, तिथला दुवा दे. उदाहरणं स्वतःची रच: मधुबन धरणातून सुटणारं पाणी, वापी-सिल्वासा रिक्षाचं भाडं, दमणगंगेवरच्या पुलाची लांबी. मुलांची नावं आणि गुण मात्र संकेतस्थळावर कधीही नकोत.

प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिही आणि काय दुरुस्त केलं तेही लिही. क्नूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन सेंटचा धनादेश पाठवत, आणि तो मिळालेले लोक अभिमानानं जपून ठेवत. तू चूक शोधणाऱ्या मुलाचं नाव वर्गात सगळ्यांसमोर घे. त्यामुळे मुलं गणित ओळीओळीनं तपासायला शिकतात, आणि पानही शुद्ध होत जातं.

पान झालं की आपल्या संगणकावर बघून समाधान मानू नकोस. वर्गातल्या सर्वांत जुन्या फोनवर, भर उन्हात, मैदानात उभी राहून उघड. मग डेटा बंद करून बघ की आधी उघडलेलं पान टिकतं का. मग छापून बघ. या तिन्हींत उतरलं तरच मुलांना दुवा दे.

सुरुवात एका पानानं कर, साऱ्या अभ्यासक्रमाचा घाट घालू नकोस. एक पान पूर्ण शुद्ध झालं की दुसरं. आणि पानाच्या खाली लाटेकची मूळ फाईलही उतरवायला ठेव, ‘हवी त्यानं घ्यावी, बदलावी, आपल्या वर्गात वापरावी’ असं स्पष्ट लिहून. तलासरी, जव्हार, मोखाड्यातल्या आश्रमशाळांत तुझ्यासारखेच शिक्षक मराठीतून गणित शिकवताहेत. त्यांना कोऱ्या पानापासून सुरुवात करायला लावू नकोस.